बगॅसचे इथेनॉल करावे, पण आधी जीवाणूंना विचारावे



आपल्या उसाचे काही वाया जात नाही, असे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरेही आहे. रसाची साखर होते, मळीचे अल्कोहोल होते, प्रेसमडचे खत होते आणि उरलेला बगॅस बॉयलरमध्ये जाऊन कारखान्याला वाफ व वीज देतो. शंभर टन ऊस गाळला की साधारण २८ ते ३० टन बगॅस निघतो. त्यात निम्मे पाणीच असते, तरी त्यावर कारखाना चालतो. पूर्वी बगॅस म्हणजे जाळून संपवायचा माल होता. सहवीजनिर्मिती आली तसा त्याला भाव आला. आता त्याच बगॅसकडे आणखी एका गिऱ्हाइकाची नजर गेली आहे. ते गिऱ्हाईक म्हणजे इथेनॉल.

हे गिऱ्हाईक उगीच आलेले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठवले. मधल्या काळात, ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या होत्या त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. साखरेचे भाव आणि इथेनॉलचे धोरण एकमेकांना बांधलेले असेपर्यंत असे होतच राहणार. म्हणून, ज्यातून साखर निघत नाही अशा वस्तूपासून इथेनॉल काढता आले तर बरे, असा विचार पुढे आला. हरियाणात पानिपत येथे भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा इंडियन ऑइलचा कारखाना १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला दोन लाख टन पेंढा आणि तीन कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची आखणी आहे. जे पेंढ्याचे होते ते बगॅसचे का होणार नाही, असा प्रश्न कोणाही ऊस उत्पादकाच्या मनात येणारच.

तो प्रश्न रास्त आहे. आमचा विरोध त्याला नाही. पण बगॅस विरघळवण्यासाठी जी नवी द्रावणे निघाली आहेत त्यांच्याविषयी सभासदांनी एक गोष्ट आताच समजून घ्यावी, असे आम्हांस वाटते. आज ही द्रावणे मुख्यत्वे प्रयोगशाळांत आणि प्रायोगिक प्रकल्पांत आहेत. पण अशा गोष्टी दारात येतात तेव्हा रंगीत पुस्तिका घेऊन येतात, आणि सभेत हात वर करायला पाच मिनिटे मिळतात. म्हणून घाई नसतानाच विचार केलेला बरा. आमचे म्हणणे थोडक्यात असे: कोणतेही द्रावण कारखान्याच्या आवारात येण्यापूर्वी त्याने जीवाणूंचे काय होते, याचा दाखला मागावा. तो दाखला नसेल तर ठरावाला हात वर करू नये.

"अहो, आपल्याला काय करायचंय त्या जंतूंचं? आपल्याला दर टनामागे दोन पैसे जास्त मिळाले म्हणजे झालं," असे कोणी म्हणेल. ते दोन पैसे आणि ते जंतू यांचा संबंध कसा आहे, तेच येथे सांगावयाचे आहे.

बगॅस हट्टी का?

रसातील साखर यीस्ट सहज खाते. बगॅसमध्येही साखरच आहे, पण ती कुलूपबंद आहे. वाळलेल्या बगॅसमध्ये चाळीस टक्क्यांहून थोडे अधिक सेल्युलोज असते, पाव हिस्सा किंवा थोडे जास्त हेमिसेल्युलोज असते आणि वीस-पंचवीस टक्के लिग्निन असते. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब माळा, एकमेकींना घट्ट बिलगलेल्या. लिग्निन म्हणजे त्यांना लिंपून टाकणारा गिलावा. ऊस वाऱ्यात ताठ उभा राहतो तो या बांधणीमुळे. ही बांधणी सैल केल्याशिवाय आतील साखर कोणत्याही विकराच्या हाती लागत नाही.

ती सैल करण्याचा जुना मार्ग म्हणजे सौम्य आम्ल आणि दाबाखालची वाफ. पानिपतची पद्धतही याच घराण्यातील आहे. या मार्गाचे दोष आहेत. यंत्रे गंजतात, आणि उष्णतेने साखरेचा काही भाग करपून फरफ्युरलसारखी द्रव्ये तयार होतात, जी यीस्टला बाधतात. म्हणून शास्त्रज्ञ दुसरा मार्ग शोधत होते. तो मार्ग म्हणजे आयनिक द्रव, ज्याला इंग्रजी वळणाने आयनिक लिक्विड म्हणतात.

पातळ मीठ

आयनिक द्रव म्हणजे काय, हे समजायला अवघड नाही. आपल्या जेवणातील मीठ हे धन आणि ऋण भाराच्या कणांचे बनलेले असते. हे कण एकमेकांना इतके घट्ट धरून बसतात की मीठ वितळवायचे तर ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. आता यातील एक कण मोठा, वेडावाकडा, शेपटी असलेला घेतला तर ही रचना नीट बसत नाही, आणि असे मीठ थोड्या उष्णतेनेच, कधी कधी घरच्या हवेतही, तेलासारखे पातळ राहते. शंभर अंशांखाली वितळणाऱ्या अशा मिठांना आयनिक द्रव म्हणतात. पाउल वाल्डेन या रसायनशास्त्रज्ञाने १९१४ साली बारा अंशांवर वितळणाऱ्या अशा एका मिठाची माहिती प्रसिद्ध केली. पुढे १९९२ साली अमेरिकेत विल्क्स आणि झावोरोत्को यांनी हवेत व पाण्यात न बिघडणारे प्रकार बनवले, आणि मग या विषयाला वेग आला.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष २००२. त्या वर्षी अलाबामा विद्यापीठातील रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, इमिडॅझोलियम जातीच्या एका आयनिक द्रवात सेल्युलोज सरळ विरघळते. जे पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, ते या पातळ मिठात पाकासारखे होते. वर पाणी ओतले की सेल्युलोज पुन्हा बाहेर पडते, पण आता त्याची घट्ट वीण मोडलेली असते आणि विकरांना ते भराभर तोडता येते. पुढे गवत, लाकूड, मक्याची ताटे आणि आपला बगॅस, या सर्वांवर असे प्रयोग झाले. कॅलिफोर्नियातील जॉइंट बायोएनर्जी इन्स्टिट्यूट ही संस्था यात आघाडीवर आहे.

या द्रवांना एक बिरुद मिळाले: हिरवे द्रावण. का, तर ते उडून जात नाहीत. बेंझिन, टोल्यूइन, ईथर ही जुनी द्रावणे हवेत उडतात, श्वासातून छातीत जातात, पेट घेतात. आयनिक द्रवांची वाफ जवळजवळ होतच नाही. कामगाराच्या दृष्टीने हा मोठा फायदा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. पण हवेत उडत नाही म्हणजे कोठेच जात नाही, असे नव्हे. यांतील पुष्कळसे द्रव पाण्यात सहज मिसळतात. जे हवेत जात नाही ते पाण्याबरोबर जाते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असे होऊ नये म्हणून नावापलीकडे पाहिले पाहिजे.

जीवाणूंवर काय परिणाम होतो?

कोणत्याही जीवाणूभोवती एक पातळ चरबीचे आवरण असते. आत काय घ्यायचे आणि बाहेर काय ठेवायचे, हे ते आवरण ठरवते. त्याच्या बाहेरच्या अंगावर ऋण भार असतो. आयनिक द्रवाचे डोके धन भाराचे, त्यामुळे ते आवरणाकडे ओढले जाते. शेपटी मेणासारखी, ती चरबीत घुसते. पुरेसे कण घुसले की आवरण सैल होते, आतले क्षार व रस गळू लागतात आणि जीवाणू मरतो. शेपटी जितकी लांब, तितका घाव खोल, असा साधारण नियम आढळला आहे. दोन कार्बनांच्या शेपटीचा द्रव त्यातल्या त्यात सौम्य, सहा-आठ कार्बनांच्या शेपटीचा जहाल.

अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठातील डोकर्टी आणि कुल्पा यांनी २००५ साली याची पद्धतशीर तपासणी प्रसिद्ध केली. सहा आणि आठ कार्बनांच्या शेपटीचे इमिडॅझोलियम व पिरिडिनियम जातीचे द्रव त्यांनी निरनिराळ्या सूक्ष्मजीवांवर घालून पाहिले. त्यांत ई. कोलाय होता, बॅसिलस सबटिलिस होता, स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स होता आणि सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए हे यीस्टही होते. या सर्वांवर त्या द्रवांचा जंतुनाशक परिणाम दिसला. यांतील नावे आपण ओळखली असतील. स्यूडोमोनास आणि बॅसिलस यांची पाकिटे आपण मूळकुजीवर उपाय म्हणून शेणखतात मिसळून टाकतो, आणि सॅकरोमायसिस म्हणजे डिस्टिलरीच्या टाकीतले आपले रोजचे यीस्ट. परदेशातील परीक्षानळीत जे मेले ते आपल्याच घरचे कामकरी होते, असे समजायला हरकत नाही.

खरे तर या द्रवांचे चुलतभाऊ साखर कारखान्यांना परके नाहीत. शिळ्या उसात आणि गव्हाणीच्या, मिलच्या कोपऱ्यांत ल्युकोनोस्टॉक नावाचा जंतू माजतो. तो साखर खाऊन डेक्स्ट्रानचा चिकटा करतो आणि उतारा घटवतो. त्याला मारण्यासाठी मिल धुताना जी औषधे वापरतात त्यांत क्वाटर्नरी अमोनियम जातीची औषधे असतात. दवाखान्यात जखम धुण्याच्या औषधातील सेट्रिमाइड त्याच जातीचे. धन भाराचे डोके आणि मेणाची शेपटी, हीच त्यांची घडण. फरक एवढाच की, मिल धुण्याचे औषध आपण जंतू मारण्यासाठी, दहा लाख भागांत काही भाग अशा बेताने मोजून घालतो. आयनिक द्रव मात्र बगॅस विरघळवण्यासाठी टनांच्या हिशोबाने आणावे लागते, आणि जंतू मारण्याचा गुण त्याच्याबरोबर फुकट येतो.

कारखाना कोणाच्या जिवावर चालतो?

गव्हाणीपासून साखरेच्या पोत्यापर्यंत जंतू हा शत्रू आहे. पण पोत्याच्या पुढे सगळा कारभार सूक्ष्मजीवांच्या हाती आहे. मळीचे अल्कोहोल यीस्ट करते. यीस्ट काही जीवाणू नव्हे, ते बुरशीच्या कुळातील. पण चरबीचे आवरण त्यालाही आहे आणि या द्रवांची बाधा त्यालाही होते. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. त्याचा बायोगॅस करतात तेथे ते काम मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव करतात, आणि ते फार नाजूक असतात. एकदा डायजेस्टर बसला की पुन्हा उभा करायला किती आठवडे जातात, हे डिस्टिलरीत काम केलेल्यांना विचारावे. प्रेसमडचे खत जीवाणू कुजवतात. शेवटी आपल्या शेतात पाचट कुजवणारे जीवाणू आहेत, स्फुरद मोकळे करणारे आहेत, अझोटोबॅक्टर आहे, आणि १९८८ साली ब्राझीलमध्ये उसाच्या मुळांत व कांड्यांत सापडलेला, हवेतला नत्र उसाला देणारा ॲसिटोबॅक्टरही आहे. कारखान्याच्या हजेरीपटावर यांचे नाव नाही, बोनस ते मागत नाहीत. पण यांनी काम थांबवले तर मस्टरवरची सगळी माणसे मिळूनही ते काम होणार नाही.

आता हिशोब करू. समजण्यासाठी सोपे आकडे धरू. सुरुवातीच्या प्रयोगांत दहा भाग कोरड्या बगॅसला नव्वद भाग द्रव, असे प्रमाण असे. म्हणजे दिवसाला शंभर टन कोरडा बगॅस घेतला तर नऊशे टन द्रव फिरवावा लागेल. हा द्रव महाग, म्हणून तो धुऊन, पाणी आटवून परत मिळवायचा असतो. समजा, शंभरातील नव्व्याण्णव भाग परत मिळाला. ऐकायला फार छान वाटते. पण उरलेला एक भाग म्हणजे रोज नऊ टन. दीडशे दिवसांच्या हंगामात तेराशे पन्नास टन. द्रव पाण्यात पातळ करून वापरण्याच्या नव्या पद्धतींत हा आकडा बराच कमी होतो, हे खरे. पण प्रश्न तोच राहतो. हा हरवलेला द्रव गेला कोठे?

तो दोनच ठिकाणी जाऊ शकतो. एक, बगॅसच्या लगद्याला चिकटून विकरांच्या आणि यीस्टच्या टाकीत. तेथे तो किण्वन मंदावतो किंवा बंद पाडतो. ते टाळायचे तर लगदा पुन्हा पुन्हा धुवावा लागतो, आणि उन्हाळ्यात टँकर लावणाऱ्या आपल्या भागात इतके पाणी आणायचे कोठून, हा निराळाच प्रश्न. दोन, त्या धुण्याच्या पाण्याबरोबर सांडपाण्यात. तेथून डायजेस्टरमध्ये, खतात, आणि शेवटी आपल्या रानात.

मळीच्या पाण्याने पूर्वी ओढे काळे-तांबडे झाले, विहिरी नासल्या, हे साखरपट्ट्यातील जुन्या माणसांना सांगायला नको. जल प्रदूषणाचा कायदा १९७४ साली आला, पुढे नियम कडक होत गेले आणि आज डिस्टिलरीने सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही असा दंडक आहे. पण मळीचे पाणी कितीही घाण असले तरी बऱ्याच अंशी ते जीवाणूंचे अन्न आहे. वेळ आणि हवा मिळाली की ते त्यातले पुष्कळसे खाऊन टाकतात. आयनिक द्रवांची गोष्ट वेगळी आहे. इमिडॅझोलियमचे कडे तोडणे जीवाणूंना जड जाते, आणि आखूड शेपटीचे द्रव, जे विषाने सौम्य म्हणून पसंत करतात, तेच नेहमीच्या चाचण्यांत सहजी कुजत नाहीत. सौम्य आहे तो टिकून राहतो आणि शेपटी लांबवली की जहाल होतो, असा हा पेच आहे.

काळ्या जमिनीचाही विचार करावा. आपल्या काळ्या रानातील चिकण मातीच्या कणांवर ऋण भार असतो. म्हणून तर ती पोटॅश, चुना धरून ठेवते आणि कसदार ठरते. त्याच गुणाने ती आयनिक द्रवाचे धन कणही धरून ठेवते. धरलेला कण लगेच विष पसरवत नाही, हे खरे. पण तो गेलेलाही नसतो. इंग्लंडच्या उत्तर भागात एका कचराभूमीच्या परिसरातील मातीत, आठ कार्बनांच्या शेपटीचा इमिडॅझोलियम कण सापडल्याचे न्यूकॅसलच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केले. यकृताच्या एका आजाराशी त्याचा संबंध असू शकतो, अशी शंका त्यांनी मांडली. शंका म्हणजे सिद्धता नव्हे, त्यामुळे त्याचा बाऊ करू नये. आपण घ्यायचा बोध एवढाच की, हा पदार्थ बाटलीत राहत नाही, मातीपर्यंत पोचतो.

कागदावरचे पाणी आणि ओढ्यातले पाणी

येथे कोणी म्हणेल, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, बीओडी तपासतात, मग आपल्याला काळजी कशाला? ही समजूत तपासून पाहिली पाहिजे. बीओडी म्हणजे पाण्यातील घाण खाताना जीवाणूंना किती प्राणवायू लागला, याचे माप. नमुना बाटलीत भरतात, आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात आणि प्राणवायू किती घटला ते पाहतात. म्हणजे ही चाचणीच जीवाणूंच्या साक्षीवर चालते. आता त्या पाण्यात जीवाणू मारणारे द्रव्य असेल तर काय होईल? बाटलीतले जीवाणू मरतील, प्राणवायू कोणी वापरणार नाही, आणि बीओडी कमी येईल. कागदावर पाणी स्वच्छ ठरेल आणि ओढ्यात तेच पाणी विषारी असेल. साक्षीदारच मारून टाकला तर खटला सुटणारच.

म्हणून अशा द्रावणांच्या बाबतीत नुसत्या बीओडीच्या आकड्यावर विसंबून चालणार नाही. त्याच्या जोडीला सीओडी पाहावा लागेल, आणि प्रत्यक्ष विषबाधेची चाचणीही करावी लागेल. अशी चाचणी फार अवघड नाही. समुद्रात राहणारा, व्हिब्रिओ फिशरी या नावाने ओळखला गेलेला एक जीवाणू काजव्यासारखा उजेड देतो. संशयित पाणी त्याच्यावर घातले की पाच ते तीस मिनिटांत उजेड किती मंदावला ते यंत्रावर मोजता येते. आयनिक द्रवांच्या विषारीपणाची पुष्कळशी मोजणी याच मार्गाने झाली आहे.

दुसरी बाजू

एकच बाजू सांगून सभासदांचे मत बनवणे आम्हांस मान्य नाही. या दोषांची जाणीव शास्त्रज्ञांनाही आहे आणि त्यांनी हात टेकलेले नाहीत. पोर्तो रिको बेटावरील पावसाळी जंगलाच्या मातीत एंटरोबॅक्टर लिग्नोलायटिकस नावाचा जीवाणू मिळाला. हा बहाद्दर आयनिक द्रवातही तग धरून राहतो. कसा, ते कॅलिफोर्नियातील त्याच संस्थेच्या संशोधकांनी २०१४ साली उलगडले. त्याच्या आवरणात एक पंप असतो आणि विहिरीतले पाणी मोटेने उपसावे तसा आत शिरलेला द्रव तो बाहेर फेकतो. गंमत अशी की द्रव आला तरच मोट सुरू होते, एरवी बैल सोडलेले असतात. या पंपाची जनुके त्यांनी ई. कोलाय जीवाणूत घातली, तेव्हा त्यालाही द्रव सोसू लागला.

दुसरा मार्ग म्हणजे द्रवच सौम्य करणे. कोलिन आणि लायसिन यांपासून बनवलेला एक आयनिक द्रव निघाला आहे. कोलिन क्लोराइड कोंबडीखाद्यात घालतात, हे पोल्ट्री करणाऱ्या सभासदांना ठाऊक आहे. लायसिन हे प्रथिनांतील एक अमिनो आम्ल. हे दोन्ही पदार्थ जिवंत पेशींच्या ओळखीचे, त्यामुळे इमिडॅझोलियमपेक्षा त्यांची बाधा कमी आणि कुजणे सोपे. असा द्रव धुऊन न काढता त्याच भांड्यात विकर व यीस्ट घालून इथेनॉल करण्याचे प्रयोग झाले आहेत. अर्थात मात्रा वाढली की तोही सूक्ष्मजीवांना जड जातो, आणि त्याचा सामू जास्त असल्याने यीस्ट घालण्यापूर्वी तो उतरवावा लागतो. म्हणजे काम राहिले आहे, पण दिशा बरोबर आहे.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. आयनिक द्रव ही एक वस्तू नव्हे, ती हजारो प्रकारांची जात आहे. त्यांत जहालही आहेत आणि सौम्यही. 'आमचे द्रावण आयनिक आहे, म्हणून सुरक्षित आहे' हे वाक्य जितके पोकळ, तितकेच 'आयनिक आहे म्हणून विषारी आहे' हेही पोकळ. कोणता द्रव, किती मात्रेत, कोणत्या जीवाणूवर, हे विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही. आणि परदेशातल्या टाकीतील उत्तर आपल्या डायजेस्टरला आणि आपल्या मातीला लागू पडेलच असे नाही.

सभासदांनी काय मागावे?

असा प्रस्ताव जेव्हा केव्हा सभेपुढे येईल तेव्हा सभासदांनी चार गोष्टी लेखी मागाव्यात, अशी आमची सूचना आहे.

पहिली, द्रावणाचे पूर्ण नाव आणि ते किती दिवसांत किती कुजते याचा चाचणी अहवाल. 'गुपित फॉर्म्युला' हे उत्तर चालवून घेऊ नये. ज्याचे पाणी आपल्या रानात उतरणार त्याचे नाव आपल्याला कळलेच पाहिजे.

दुसरी, चाचणी आपल्याच यीस्टवर, आपल्याच डायजेस्टरच्या गाळावर आणि आपल्या कार्यक्षेत्रातील काळ्या, मुरमाड व चोपण अशा तिन्ही जमिनींच्या मातीवर घेतलेली असावी. नवे वाण लावताना आपण तुलनेसाठी चार सऱ्या जुन्या वाणाच्या ठेवतो. येथेही तसेच: एका भांड्यात द्रावणाचा अंश घातलेला, एका भांड्यात न घातलेला, आणि दोन्हींतील अल्कोहोल व गॅस मोजलेला. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारखी, ऊस उत्पादकांनीच १९७५ साली उभी केलेली संस्था आपल्याजवळ आहे. विकणाऱ्याच्या प्रयोगशाळेऐवजी तेथून अहवाल घेण्याचा आग्रह धरावा.

तिसरी, द्रावणाचा जमाखर्च. हंगामात किती टन आत आले, किती परत मिळाले, आणि फरक कोठे गेला. साखरेच्या बाबतीत आपण 'अज्ञात घट' किती, ते दरवर्षी अहवालात छापतो आणि ती दशांशाने वाढली तरी चीफ केमिस्टना प्रश्न विचारतो. तीच शिस्त येथे हवी.

चौथी, करारातील जबाबदारी. डायजेस्टर बसला, किण्वन थांबले किंवा जमीन बिघडली तर भरपाई कोण देणार, हे सही करण्याआधी लिहिलेले असावे. नंतर फक्त पत्रव्यवहार होतो.

"एवढे सगळे विचारायला आपण काय शास्त्रज्ञ आहोत का?" असे वाटून कोणी मागे राहू नये. रासायनिक खत शेतात आले तेव्हाही आपण शास्त्रज्ञ नव्हतो. पोत्यावरचे आकडे वाचायला शिकलो, माती तपासून घ्यायला शिकलो. जेथे शिकलो नाही तेथे रान चोपण झाले. ही द्रावणे अजून दूर आहेत, तोवर प्रश्न विचारायची सवय लावून घेता येईल. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हा फायदा प्रत्येक वेळी मिळत नाही. या वेळी तो मिळतो आहे.

बगॅसमधील साखर सोडवून तिचे इंधन करणे हे चांगलेच काम आहे. ते झाले तर आपल्या टनाला भाव वाढेल, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असे आपलेच वाडवडील सांगून गेले. आणि उसाच्या मुळाशी काय असते? माती, आणि त्या मातीतले जीवाणू. त्यांना सांभाळून जे इथेनॉल होईल त्याला आमचा पाठिंबा पहिला. त्यांना मारून जे होईल, त्यासाठी मात्र सभेत हात वर करण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या बांधावर जाऊन मूठभर माती हातात घेऊन पाहावी आणि मगच निर्णय घ्यावा.

जय किसान, जय सहकार!

— एक ऊस उत्पादक सभासद